‘सेट’चा एकच अर्थ सांगून फसले

फोंड्याची आई: सेट म्हणजे संच, हे मीच लेकाला सांगितलं होतं, समोर कपबशांचा सेट होता ना! काल त्याने ‘द सन सेट्स’चं भाषांतर केलं, ‘सूर्याचे संच’. वर जेली सेट होते, गजर सेट करतात, टेनिसचा सेट असतो. पोराला समजवायचं कसं?

निवृत्त मास्तर, म्हापसा: पोराची चूक नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989 च्या आवृत्तीत क्रियापद ‘सेट’चे सुमारे 430 अर्थ आहेत. पुढे ‘रन’ने त्यालाही मागे टाकलं, 645! खरं तर ‘सेट’ हे दोन वेगळे शब्द. ठेवणे, बसवणे हा जुना इंग्रजी, ‘सिट’चा भाऊच. संचवाला फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन ‘सेक्टा’. रूप सारखं, म्हणून गोंधळ. त्याला आधी ‘बसणे’ शिकवा. जेली बसते, सूर्य खाली बसतो. गजराला मात्र ‘लावणे’च हवं.

चोडणकार: मास्तर, आपलं ‘लागणे’ काय कमी आहे? भूक लागते, नोकरी लागते, दही लागतं, दार लागतं, ठेच लागते. रायबंदरच्या धक्क्यावर मी बायकोला म्हटलं, “बोट लागली.” तिने पर्समधून लिंबू काढून हातात दिलं. फेरीबोट आलीय म्हणत होतो हो!

फोंड्याची आई: 😂 लेकाला वाचून दाखवलं. आता विचारतोय, लिंबू कशाला?