मदत हवी आहे: थॅलियमच्या अणूंचं शिखर ३७६ला कसं?

नमस्कार मंडळी,

एस.वाय.बी.एस्सी.ला कायनेटिक थिअरी शिकवते. मॅक्सवेलचं वेगवितरण (ठरावीक तापमानाला वायूतले किती अणू किती वेगाने धावतात, त्याचं सूत्र) नुसतं फळ्यावर सिद्ध करून भागत नाही, म्हणून यंदा मिलर आणि कुश यांचा १९५५चा प्रयोग सविस्तर घ्यायचं ठरवलंय. भट्टीत थॅलियम तापवायचं, बारीक फटीतून अणूंचा झोत बाहेर काढायचा आणि फिरत्या दंडगोलावरच्या मळसूत्री खाचांतून सोडायचा. दंडगोलाच्या फिरण्याशी ज्यांचा वेग जुळतो तेवढेच अणू पलीकडच्या शोधकापर्यंत पोचतात; बाकीचे खाचांच्या भिंतींवर आपटून तिथेच राहतात. फिरण्याची गती बदलत जायची आणि पलीकडे किती अणू आले ते मोजायचं.

अडलंय ते पुढे. भट्टीचं तापमान ८७० केल्विन, थॅलियमचा अणुभार २०४. यावरून सर्वाधिक संभाव्य वेग सेकंदाला २६६ मीटर येतो. प्रयोगात मात्र आलेखाचं शिखर, म्हणजे सर्वांत जास्त अणू मोजले गेले तो वेग, ३७६ला! तापमान, वस्तुमान, एककं सगळं तपासून झालं.

वेगवान अणू फटीतून जास्त प्रमाणात निसटतात, हे माहीत आहे. (१९२०मध्ये श्टर्नच्या चांदीच्या अणूंवरच्या प्रयोगात, पहिल्या हिशेबात हाच मुद्दा राहून गेला होता, तो आइनस्टाइनने दाखवून दिला.) म्हणून सूत्रात वेगाच्या वर्गाऐवजी घन घेतला. शिखर ३२६वर सरकलं. उरलेले ५० मीटर कुठून आले? मुलं हे विचारणारच, आणि 'प्रयोगातली त्रुटी' म्हणून त्यांना गप्प बसवणं मला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:

मॅडम, घनापर्यंत बरोबर आलात, आता आणखी एकदा वेगाने गुणा. खाचेला रुंदी असते, त्यामुळे दंडगोलाच्या एका गतीला एकच वेग पार होत नाही, त्याच्या आजूबाजूचा पट्टाही जातो. हा पट्टा त्या वेगाच्या ठरावीक टक्के असतो. २००ला जेवढा, त्याच्या दुप्पट ४००ला. म्हणजे वेगवान अणूंना दार आपोआप मोठं मिळतं. शोधकावरचा आलेख त्यामुळे वेगाच्या चौथ्या घाताने चढतो आणि शिखर येतं २६६ गुणिले २चं वर्गमूळ, म्हणजे ३७६.

वर्गात तिन्ही वक्र एकाच आलेखावर काढा: भट्टीच्या आत २६६, झोतात ३२६, शोधकावर ३७६. तापमान तिन्हींना तेच, ८७०.