आईच्या डोळ्याच्या पडद्याला लेझर सांगितलंय, दिसतंय तरी करायचं का?

कापूसवाला पारोळा
नमस्कार मंडळी, मी पारोळा तालुक्यातला, घरची शेती आहे. आईचं वय ६१, शुगर १४ वर्षांपासून, गोळ्या चालू आहेत पण मधेमधे चुकतात हे खरं सांगतो. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून तिला जळगावला नेलं होतं, तिथे थेंब टाकून तासभर बसवलं, मग डॉक्टरांनी पडदा बघितला आणि मला आत बोलवून सांगितलं की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर शुगरमुळे नवीन बारीक रक्तवाहिन्या उगवल्यात, उशीर न करता लेझर करून घ्या, एकेका डोळ्याला तीन तीन सिटिंग लागतील.

माझी अडचण अशी की आईला दिसतंय. म्हणजे खरंच दिसतंय, परवाच ओट्यावर बसून तिने तुरीच्या डाळीतले खडे निवडले, गोधडी शिवायला घेतली तर सुईत दोराही तिनेच ओवला. मग चांगल्या डोळ्यात लेझर मारायचा कशाला हेच तिला पटत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नीट समजावून सांगता येत नाही. त्यात आमच्या गल्लीतल्या एका बाबांनी दोन वर्षांपूर्वी लेझर केलं आणि सहा महिन्यांत त्यांचं दिसणं गेलं. तेव्हापासून आईने मनात घेतलंय. मी विषय काढला की म्हणते, "जितलं दिखस तितलं बस शे माले, डोयामा ईज नको पाडू." (म्हणजे जेवढं दिसतंय तेवढं बास आहे मला, डोळ्यात वीज नको पाडू.)

दुसरं म्हणजे मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लेझरने झालं, त्यांना दुसऱ्या दिवशी लख्ख दिसायला लागलं, तसं आईलाही होईल का? दुखतं का? आणि आता कपाशी वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, दिवाळी झाल्यावर नेलं तर चालेल का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

गाडीवान धुळे
भाऊ दिवाळीची वाट बघू नका, आधी हे वाचा. मी २२ वर्षं ट्रक चालवली, मला पण शुगर, मला पण हेच सांगितलं होतं दोन्ही डोळ्यांना. तेव्हा माझा विचार अगदी तुमच्या आईसारखा, दिसतंय ना मग कशाला. तरी घरच्यांनी ओढून नेलं म्हणून उजव्या डोळ्याच्या सिटिंग पूर्ण केल्या. डाव्याची वेळ आली तेव्हा सीझन चालू होता, गुजरातच्या फेऱ्या होत्या, म्हटलं पुढच्या महिन्यात बघू. त्या पुढच्या महिन्याचे आठ महिने झाले.

मग एक दिवस सकाळी शिरपूरच्या पुढे चहाला थांबलो होतो, कप हातात होता आणि डाव्या डोळ्यासमोर कोळिष्टकासारखे काळे धागे तरंगायला लागले. मला वाटलं कचरा गेला, डोळा चोळला, पाण्याने धुतला. दुपारपर्यंत धाग्यांचा धूर झाला आणि संध्याकाळी त्या डोळ्याने समोर माणूस उभा आहे एवढंच कळत होतं. ज्या नवीन रक्तवाहिन्या लेझरने सुकवायच्या होत्या त्यातलीच एक फुटून डोळ्यात रक्त सांडलं होतं. नाशिकला जाऊन मोठं ऑपरेशन करावं लागलं, डोळ्यातली जेली आणि रक्त काढून टाकतात ते. आज डाव्या डोळ्याने माणूस ओळखतो पण अक्षर वाचता येत नाही. आणि उजव्या डोळ्याने, ज्याला वेळेवर लेझर झालं, हे सगळं टाईप करतोय. माणूस तोच, शुगर तीच, फरक तेवढा आठ महिन्यांचा.

दुखतं का विचारलंत तर खरं सांगतो, थोडं दुखतं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, बधिर करायचे थेंब टाकतात आणि डोळ्यावर जेल लावून जाड काचेचं भिंग बसवतात म्हणजे पापणी मिटत नाही. मग टक टक टक हिरवे झटके. बऱ्याच ठिकाणी काहीच जाणवत नाही पण कडेला गेले की कपाळाच्या आतून ठणका येतो. मला तिसऱ्या सिटिंगला जास्त जाणवलं, डॉक्टरांना हात वर करून सांगितलं की ते थांबायचे. १०-१५ मिनिटांत संपतं. उठल्यावर सगळं गुलाबी जांभळं दिसतं त्याला घाबरायचं नाही, थोड्या वेळात जातं. आणि एक, रात्रीचं दिसणं मला आधीपेक्षा कमी झालंय, अंधारात गाडी चालवायची मी सोडून दिली. हे आईला आधीच सांगून ठेवा, नंतर कळलं तर माणसाला वाटतं आपल्याला फसवलं.

भिंगवाली ताई
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांच्या दवाखान्यात रोज थेंब टाकण्यापासून पडद्याचे फोटो काढण्यापर्यंतची कामं करते, डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या डोळ्याचा निर्णय त्यांच्याच डॉक्टरांचा. पण तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्यात त्या सोडवून देते कारण आमच्याकडे रोज दहातले सात नातेवाईक हेच विचारतात.

मामांचं बहुतेक लेझर नव्हतंच. बिनटाक्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आपल्याकडे सगळे लेझर म्हणतात पण ते फेको असतं, त्यात अल्ट्रासाउंडच्या कंपनाने मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. लेझर वापरून मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची मशीनं आहेत पण ती महाग, मोजक्या ठिकाणी. काही लोकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी आत बसवलेल्या भिंगाच्या मागच्या पातळ आवरणावर धुरकटपणा येतो, तेव्हा याग नावाच्या वेगळ्या लेझरने त्याला मधोमध छोटी खिडकी पाडतात, पाच मिनिटांचं काम, दुखत नाही आणि लगेच स्वच्छ दिसतं. त्या लेझरने दिसणं परत येतं. आईंना सांगितलेलं लेझर पडद्याचं आहे, त्याने दिसणं वाढत नाही. जे आहे ते राखायला ते करतात. हे घरात सगळ्यांना नीट माहीत पाहिजे, नाहीतर सिटिंग झाल्यावर नंबर कमी झाला नाही म्हणून लोक नाराज होतात आणि पुढच्या सिटिंगला येतच नाहीत, मी हे किती वेळा पाहिलंय आणि दर वेळी जीव तुटतो.

आता चांगल्या डोळ्यात कशाला, हा आईंचा खरा प्रश्न. शुगरमुळे पडद्याच्या बारीक नळ्या बंद पडत जातात. पडद्याला प्राणवायू खूप लागतो, तो मिळाला नाही की उपाशी भाग रसायनाने निरोप पाठवतो, अजून रक्तवाहिन्या पाठवा म्हणून. मग नवीन वाहिन्या उगवतात पण कच्च्या, जरा ताण आला की फुटतात, किंवा त्यांच्या दोऱ्या आवळून पडदाच ओढून काढतात. बघायचं मुख्य काम पडद्याच्या मधल्या अगदी लहान जागेचं, अक्षर वाचणं, सुई ओवणं सगळं तिथे. उपाशी भाग असतो कडेचा. त्या कडेच्या भागावर लेझरने बारीक बारीक डाग देतात, साधारण १२०० ते १६०० प्रत्येक डोळ्याला, एक डाग सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणूनच दोन-तीन सिटिंग लागतात. कडेच्या भागाची मागणी कमी झाली की निरोप थांबतो आणि नवीन वाहिन्या सुकतात. मधला भाग वाचवायला कडेचा थोडा सोडायचा असा हा व्यवहार आहे. अंधारात दिसायचं काम कडेच्या भागाचं जास्त असतं म्हणून गाडीवान दादांना रात्रीचं कमी दिसतं, त्यांनी बरोबर सांगितलं.

आईंना सुई ओवता येते कारण त्यांचा मधला भाग अजून चांगला आहे. तो चांगला आहे तोवरच हे करायचं असतं हो.

आई ईज म्हणतात तशी वीज नाही, पण या उपचाराचं मूळ खरंच उन्हात आहे. ग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजलेले रुग्ण पाहून जर्मनीतल्या मेयर-श्विकेराथ नावाच्या डॉक्टरांना सुचलं की भाजायचंच तर हव्या त्या जागी मोजून भाजू, आणि १९४० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाश डोळ्यात नेऊन उपचार केले. लेझर तर १९६० मध्ये आला. पुढे अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल १९७६ मध्ये आले, लेझर केलेल्या डोळ्यांत नजर खूप जास्त जाण्याचा धोका निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त कमी झाला होता. आता हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेझर जास्त वापरात आहे, त्याचा झटका सेकंदाच्या दहाव्या भागाचा किंवा त्याहूनही छोटा असतो.

तुमच्या गल्लीतल्या बाबांबद्दल मला माहीत नाही, पण आमच्याकडे अशा गोष्टीत बहुतेक वेळा माणूस रक्त सांडायला लागल्यावर आलेला असतो. दोष नंतर लेझरला लागतो.

खान्देश एक्सप्रेस
मला वाटतं आधी नाशिकला किंवा मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या, एकाच्या सांगण्यावर डोळ्याला हात लावू नका. आणि आजकाल डोळ्यात इंजेक्शन देतात म्हणे, माझ्या साहेबांनी घेतलं, मग लेझरची भानगडच कशाला?

कापूसवाला पारोळा
हो मी पण हेच विचारणार होतो, इंजेक्शनचं डॉक्टर काहीतरी बोलले होते पण घाईत नीट कळलं नाही. आणि खर्चाचं कसं?

भिंगवाली ताई
दुसरं मत जरूर घ्या पण याच आठवड्यात घ्या, पडद्याचे फोटो आणि रिपोर्ट सोबत न्या म्हणजे परत सगळं करावं लागणार नाही.

इंजेक्शन चांगलंच आहे. वर जो निरोप म्हटला तो अडवणारं औषध असतं ते. २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात दोन वर्षांनंतर इंजेक्शनवाल्यांची नजर लेझरवाल्यांपेक्षा कमी नव्हती, पडद्याच्या मध्यभागी सूज असेल तर आता बहुतेक आधी इंजेक्शनच देतात. पण औषध काही आठवड्यांत उतरतं, परत परत यावं लागतं. मधेच येणं बंद झालं तर नुसत्या इंजेक्शनवर असलेल्या डोळ्याचं नुकसान लेझर केलेल्या डोळ्यापेक्षा जास्त होतं. तुम्हीच सांगा, वेचणीच्या, पेरणीच्या दिवसांत तुम्ही आईंना दर महिन्याला एसटीत बसवून आणाल का? मी तुम्हाला बोल लावत नाही, आमच्याकडे खेड्यावरून येणाऱ्या सगळ्यांचीच ही अडचण आहे, म्हणून डॉक्टर पाचोरा, पारोळा, साक्री ऐकलं की लेझरकडे झुकतात. कधी दोन्ही मिळून करतात. डॉक्टरांना सरळ विचारा की मध्यभागी सूज आहे का.

खर्चाचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, सरकारी आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसतो त्याला विचारा यातलं काय बसतं. जळगाव, धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथल्या डोळ्यांच्या विभागातही चौकशी करा. उपाशीपोटी नेऊ नका, त्या दिवशी जेवण आणि शुगरच्या गोळ्या रोजच्यासारख्या. थेंबांमुळे चार-सहा तास उजेड सहन होत नाही म्हणून काळा गॉगल न्या, आणि एकट्या पाठवू नका.

शहाद्याची सूनबाई
माझा अनुभव डोळ्यांचा नाही पण उजेडाच्या भीतीचा आहे म्हणून लिहिते. माझी मुलगी तिसऱ्या दिवशी पिवळी पडली, कावीळ वाढली म्हणून नंदुरबारला निळ्या दिव्याखाली ठेवायला सांगितलं. सासूबाई रडायला लागल्या, एवढ्याशा जीवाला दिव्याखाली भाजतात का म्हणे, आपण घरी कोवळ्या उन्हात धरू. मलाही आत जाऊन बघवेना. डोळ्यांवर पांढरी पट्टी, अंगावर फक्त लंगोट, सगळं अंग निळं दिसत होतं. तिथल्या सिस्टरने माझा हात धरून दिव्याखाली नेला, म्हणाल्या बघा चटका लागतो का. लागला नाही. त्यांनी सांगितलं की उष्णतेने काही होत नाही, निळा उजेड कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो मग ते शी-शूतून निघून जातं, डोळ्यांची पट्टी फक्त उजेड लागू नये म्हणून. दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला बाळ हातात द्यायच्या. दोन दिवसांत घरी आलो. नंतर वाचलं की ही गोष्ट इंग्लंडमधल्या एका सिस्टरच्याच लक्षात आली होती, १९५६ मध्ये, ती बाळांना उन्हात न्यायची आणि एका बाळाचं अंग उघडं होतं तिथे पिवळेपणा गेला, चादरीने झाकलेला तुकडा तसाच पिवळा राहिला.

हे एवढ्यासाठी लिहिलं की सासूबाईंना माझ्या शंभर शब्दांनी पटलं नाही, त्यांचा हात त्या दिव्याखाली धरला तेव्हा पटलं. तुमच्या आईंना गाडीवान दादांशी बोलायला द्या, जमलं तर अहिराणीतच.

गाडीवान धुळे
सूनबाईंनी बरोबर सांगितलं. भाऊ मला नंबर पाठवा, मी आईंशी बोलतो. आमच्या घरी पण अहिराणीच आहे.

कापूसवाला पारोळा
मंडळी उशिरा कळवतोय माफ करा. दादा आईशी फोनवर पाऊण तास बोलले. मी बाजूलाच बसलो होतो. तिने त्यांना एकच गोष्ट तीन वेळा विचारली, डाव्या डोळ्याने नातवाचं तोंड दिखस का. त्यांनी सांगितलं दिखस, पण तो हसतोय का रडतोय ते आवाजावरून कळतं. फोन ठेवल्यावर आई काही बोलली नाही, रात्री भाकरी टाकताना म्हणाली, "सोमवारे ली चाल माले."

परवा उजव्या डोळ्याची पहिली सिटिंग झाली. मध्यभागी थोडी सूज आहे म्हणून आधी एक इंजेक्शन दिलं होतं, डॉक्टरांनी दोन्ही करायचं ठरवलंय. तिला कडेला दोनदा दुखलं, हात वर केला तर ते थांबले. बाहेर आल्यावर म्हणाली सगळं जांभळं दिखस, मी म्हटलं दादांनी सांगितलं होतं ना, मग शांत बसली. आज डोळा जरा धुरकट म्हणतेय, डॉक्टर म्हणाले दोन-चार दिवस राहील, काळे धागे किंवा डोळ्यासमोर पडदा पडल्यासारखं वाटलं तर मात्र त्याच दिवशी या. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी (एचबीए१सी) ९.८ टक्के आलीय, ती खाली आणायचं मी आता माझ्याकडे घेतलंय, गोळ्यांची डबी माझ्या फोनच्या चार्जरजवळ ठेवलीय.

पुढची सिटिंग बुधवारी. वेचणीला चुलतभाऊ दोन दिवस येतो म्हणालाय. गॉगल बाजारातून आणला, तिच्या कानाला ढिला होतो, म्हणून तिने मागून दोरा बांधून घेतलाय, सुईत स्वतःच ओवून.