नॅसमधले ड्राइव्ह बदलताना तुमचं काय झालं? (अनुभव धागा)

आमच्या नॅसला (घरच्या नेटवर्कवर फायली साठवायचा डबा) आई पहिल्यापासून 'नास' म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत तिचा शब्द खरा व्हायची वेळ आली, म्हणून हा धागा.

चार खणांचा डबा, 3 टीबीचे चार ड्राइव्ह, रेड 5 (एक ड्राइव्ह गेला तरी बाकीच्यांवरून माहिती परत मिळते, अशी रचना). भावाच्या लग्नापासून बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या भजनांपर्यंत सगळं त्यात, आणि जागा संपलेली. 8 टीबीचे चार आणले. एक काढायचा, नवा घालायचा, रिबिल्ड (बाकीच्यांवरून त्याची माहिती नव्यावर परत उतरवणं) पूर्ण होऊ द्यायचा, मग पुढचा. पहिलाच 63 टक्क्यांवर अडकला. चौथ्या खणातला जुना ड्राइव्ह वाचता येईना. स्मार्टच्या, म्हणजे ड्राइव्हच्या तब्येतीच्या तक्त्यात 197 क्रमांकाच्या ओळीत, 'पेंडिंग सेक्टर'समोर (वाचता न येणाऱ्या जागा), शून्याऐवजी 24. काढलेला पहिला परत लावावा, तर डबा त्याला ओळखही देईना.

शेवटी चौथा बाहेर काढून पीसीला जोडला आणि डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारा प्रोग्राम) नव्या ड्राइव्हवर त्याची नक्कल केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही किलोबाइट सोडून सगळं आलं. मग चारही ड्राइव्हचा संच परत जुळला. हळदीचा एक व्हिडिओ मधेच हिरवा होतो, बाकी वाचलं.

खराब जागा आधीपासूनच असणार. जुन्या फायली वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही, त्यामुळे कळत नाही, आणि रिबिल्डला तर प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो. ड्राइव्ह काढायच्या आधी एकदा स्क्रब (सगळे ड्राइव्ह पूर्ण वाचून तपासणं) चालवला असता, तर चारही ड्राइव्ह जागेवर असताना हे समोर आलं असतं. डब्यात ते बटण होतं, मी कधी दाबलं नव्हतं.

तुमचंही सांगा. 'बॅकअप घ्यायचा होता' एवढंच सांगायचं असेल, तर ते घरात सांगून झालंय.

*

ठाण्याहून: मी चांगला ड्राइव्ह उपसला. सॉफ्टवेअर म्हणालं ड्राइव्ह 2 गेला. मी डावीकडून दुसरा ओढला. सॉफ्टवेअरची मोजणी शून्यापासून होती. पुढचे चार तास घरात कुणाशी बोललो नाही. आता प्रत्येक ट्रेच्या तोंडावर सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवलेत.

*

न्यू जर्सीहून: इथे ब्लॅक फ्रायडेला यूएसबीच्या बाहेरच्या डिस्क सुट्या ड्राइव्हपेक्षा स्वस्त मिळतात. कवच फोडून आतला ड्राइव्ह वापरायचा, हा आमचा मराठी बाणा. तीन फोडले, घरी जुळवलेल्या नॅसमध्ये लावले, एकही फिरेना. मेलेले समजून परत करणार होतो, पण फोडलेलं कवच कोण घेणार?

दोष त्यांचा नव्हता. साटाच्या (ड्राइव्ह जोडायच्या पद्धतीच्या) नव्या नियमात पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की ड्राइव्हने बंद राहायचं असतं. माझा जुना पॉवर सप्लाय तिथे कायम 3.3 व्होल्ट देत होता. कॅप्टॉन टेपची (वीज अडवणारी चिकटपट्टी) भाताच्या शिताएवढी पट्टी कापली, चिमट्याने पिनवर बसवली. पहिल्या दोन वेळा कनेक्टर घालताना सरकली. तिसऱ्यांदा 'घूंऽऽ' आवाज आला, तसा आवाज मी मुलाच्या पहिल्या रडण्यानंतर ऐकला नव्हता.

*

सावंतवाडीहून: घेण्याआधी ड्राइव्ह एसएमआर आहे की सीएमआर ते बघा, या डिस्कवर लिहायच्या दोन पद्धती. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उतरवून परत रचावी लागतात. साध्या वापरात कळत नाही, कारण ड्राइव्ह आधी मोकळ्या जागी लिहून ठेवतो आणि निवांत असताना रचत बसतो. रिबिल्डमध्ये निवांतपणा कुठला? माझा आठ दिवस चालला, त्यात दोनदा लाइट गेली. यूपीएस होता म्हणून निभावलं. 2020 मध्ये तर नॅससाठी म्हणून विकलेल्या काही ड्राइव्हमध्येही हेच तंत्र न सांगता घातल्याचं उघड झालं होतं. खोक्यावरचं नाव बघून भागत नाही, पूर्ण मॉडेल नंबर तपासा.

*

नागपूरहून: माझ्याकडे झेडएफएस (ड्राइव्ह एकत्र सांभाळणारी फाइल सिस्टिम). सगळे बदलले, जागा होती तेवढीच. 'ऑटोएक्स्पांड' (मोठे ड्राइव्ह लागले की जागा आपोआप वाढवणं) मुळात बंद असतं, ते चालू करायचं राहिलं होतं. रात्रभर गूगल, एका ओळीचा उपाय. धन्यवाद, झोपतो.

*

कोल्हापूरहून: नवा ड्राइव्ह सुरू होताना टकटक करून गायब व्हायचा. दुकानदाराने दोनदा बदलून दिला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, आता डिस्क नको, डबाच घेऊन या." त्याने मल्टिमीटर लावला. चारही मोटरी एकदम फिरायला लागल्या की अडॅप्टरचे 12 व्होल्ट 10.8 वर उतरत होते. सात वर्षांचा अडॅप्टर. जुने ड्राइव्ह कसेबसे चालवून घेत होता, नव्याची भूक जास्त. अडॅप्टर बदलला आणि टकटक थांबली. ते दोन परत केलेले ड्राइव्ह बहुतेक धडधाकट होते, वाईट वाटतं.

*

धागाकर्ता: ठाणेकरांचं वाचून उठलो आणि लेबलं लावली. कोल्हापूरच्या ताईंमुळे अडॅप्टरवरची तारीख पाहिली: 2016. नवा मागवलाय. तिसरा ड्राइव्ह आत्ता 41 टक्क्यांवर आहे. या वेळी आधी स्क्रब केलाय. तरी मिक्सर लावायचा का, असं आईने स्वयंपाकघरातून विचारलं, तेव्हा मी "थांब जरा" म्हणालो.