घरचा पीसी: आधी कशावर खर्च करावा, आणि ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तर चालेल का?

पुनर्जोडणी (प्रश्न)

घरासाठी पीसी असेंबल करायचा आहे. रोजचं काम एक्सेल आणि ब्राउझरचं, पंचवीस-तीस टॅब उघडे असतात. मुलीचा पायथनचा अभ्यास आहे. फोनवर काढलेल्या फोर-के व्हिडिओंची काटछाट करायची असते. गेम्स वर्षभराने सुरू होतील, तेही १०८०पी वर. ग्राफिक्स कार्ड तेव्हा घ्यायचा विचार आहे. बजेट पक्कं आहे आणि मॉनिटरही त्यातच बसवायचा आहे.

सध्याची यादी: रायझन ५ ८५००जी प्रोसेसर, ए६२० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी, २४ इंची मॉनिटर. जुन्या पीसीतला नऊ वर्षांचा ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि १ टीबी हार्ड डिस्क तशीच वापरायची आहे. कुठे चुकतंय? एएम४ (एएमडीचं आधीच्या पिढीचं सॉकेट) घेऊन पैसे वाचवणं शहाणपणाचं ठरेल का?

लेनमोजणी

सगळ्यात आधी प्रोसेसर बदला. "जी" म्हणजे आतलं ग्राफिक्स जोरदार, एवढंच पाहून ८५००जी घेतला जातो, पण त्यातून ग्राफिक्स कार्डाला पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन मिळतात. ८६००जी मध्ये ८, तर साध्या रायझन ५ ७६०० मध्ये पूर्ण १६. वर्षभराने ८ जीबी स्वतःच्या मेमरीचं कार्ड लावलं आणि गेमने ती ८ जीबी भरली, की उरलेला डेटा रॅममधून याच लेनवरून येतो. चार लेनवर तिथेच अडकतो आणि चित्र झटके खात चालतं. दोष कार्डाला दिला जातो, अडचण मात्र प्रोसेसरची असते.

७६०० मधलं ग्राफिक्स छोटं आहे, दोनच कंप्यूट युनिटचं. गेम्ससाठी ते विसरा. पण मॉनिटर चालवायला आणि फोनचे एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) व्हिडिओ हार्डवेअरवर डीकोड करायला, म्हणजे उलगडून दाखवायला, ते पुरतं. वर्षभर थांबायची तयारी आहे, म्हणून तुम्हाला ७६०० च. कार्ड कधीच घ्यायचं नसतं तर ८६००जी म्हटलं असतं. आणि ७५००एफ चुकून उचलू नका: त्यात आतलं ग्राफिक्सच नाही, कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी.

रॅम ८ च्या दोन नकोत, १६ च्या दोन घ्या, एकाच पाकिटातल्या. डीडीआर५ ची ८ जीबीची पट्टी सहसा चारच रुंद चिप्सवर बनते. त्यामुळे बँक ग्रुप (चिपच्या आतले मेमरीचे गट) निम्मे असतात आणि ती १६ च्या पट्टीपेक्षा हळू चालते. "आत्ता दोन, पुढे आणखी दोन" हा बेतही डीडीआर५ वर फसतो, कारण चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. एएम५ ला (७६०० चं सॉकेट) ६००० वेगाचा, सीएल३० चा (सीएल म्हणजे रॅमचा विलंब, आकडा कमी तितका बरा) संच उत्तम. सीएल३६ स्वस्त पडला तर बिनधास्त घ्या, या कामात फरक जाणवणार नाही.

ए६२० चालेल. प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, पण एक्स्पो प्रोफाइल (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालतं. फक्त एम.२ चे स्लॉट (एसएसडी बसवायच्या जागा) मोजून घ्या, एकच असेल तर पुढे पंचाईत.

खर्चाचे शंभर भाग धरले तर प्रोसेसर २०, बोर्ड १८, मॉनिटर १८, रॅम १४, एसएसडी १०, एसएमपीएस १०, कॅबिनेट ६ आणि उरलेले ४ कीबोर्ड-माउसला. रॅमचा भाव चढलेला असेल तर कात्री मॉनिटरला लावा, एसएमपीएसला नको. मॉनिटर पुढे सहज बदलता येतो. ७६०० च्या बॉक्समध्ये कूलर येतो, तो वेगळा घेऊ नका.

बारा_व्होल्ट

नऊ वर्षांचा एसएमपीएस नव्या बोर्डाला लावू नका. त्या काळच्या स्वस्त युनिटमध्ये ५ आणि १२ व्होल्टचं नियंत्रण एकत्र असायचं. आजचा पीसी जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर टाकतो. मग १२ खाली ओढला जातो, ५ वर चढतो, आणि त्या ५ वर तुमची हार्ड डिस्क बसलेली असते. वयाने कपॅसिटरही थकलेले असतात.

५५० वॉट पुरेसा. ७६०० पूर्ण भारावर ८८ वॉटच्या आसपास थांबतो, आरटीएक्स ४०६० च्या दर्जाचं कार्ड ११५ वॉटचं, बाकी सगळं मिळून ५०-६०. पुढे २०० वॉटचं कार्ड आलं तरी जागा आहे. ८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का फक्त कार्यक्षमता सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही. वॉरंटी किती वर्षांची आणि १२ व्होल्टवर किती अँपिअर, हे डब्यावर बघा. मॉड्युलर घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नका. डिस्कच्या बाजूचा कनेक्टर सारखा असतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा. ५ च्या जागी १२ गेले की डिस्क जागीच जळते.

हार्ड डिस्क ठेवा, पण आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरच्या तीन ओळी पाहा. तिन्हीकडे शून्य हवं. तिथले आकडे मुळात सोळाच्या पायात दिसतात, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते सोळा. सी५ शून्य नसेल तर फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर राहता कामा नये.

डीडीआर४_समर्थक

एएम५ शिवाय गत्यंतर नाही असं नाही. इंटेलचा आय५-१२४०० अधिक डीडीआर४ चा एलजीए१७०० (त्याचं सॉकेट) बोर्ड हा स्वस्त मार्ग आहे. सहा कोअर, आत यूएचडी ७३०, कार्डाला १६ लेन. घेताना "एफ" नसलेलाच घ्या. क्विक सिंक (इंटेलचं व्हिडिओसाठीचं आतलं हार्डवेअर) असल्यामुळे व्हिडिओच्या टाइमलाइनवर तो हलका चालतो. कॅमेऱ्यातून १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारा प्रकार; ४:२:० मध्ये ती कमी) एचईव्हीसी येणार असेल तर तो ७६०० पेक्षाही सरस, कारण रायझनचं आतलं ग्राफिक्स तो प्रकार डीकोड करत नाही.

लेनमोजणी

क्विक सिंकचा मुद्दा मान्य, पण फोनचे व्हिडिओ ४:२:० असतात, ते दोन्हीकडे सारखेच चालतात. आणि एलजीए१७०० ला आता नवी पिढी येणार नाही, डीडीआर४ पुढच्या बोर्डावर नेता येणार नाही. पीसी पाच-सहा वर्षं वापरून बदलायचाच असेल तर १२४०० घ्या, पैसे वाचतील. तोच बोर्ड ठेवून पुढे प्रोसेसर वाढवायचा असेल तर एएम५. एएम४ ला माझा पाठिंबा नाही: ५६०० ला ग्राफिक्स नाही, ५६००जी ला पीसीआयई ३.० च.

पुनर्जोडणी

ठरलं: ७६००, ए६२० (एम.२ चे दोन स्लॉट), १६ च्या दोन, १ टीबी टीएलसी (चिपच्या एका सेलमध्ये तीन बिट) एसएसडी, ५५० वॉट. मॉनिटर थोडा साधा घेतो. जोडताना कुठे फसायला होतं?

स्टँडऑफ

कॅबिनेटमध्ये घालण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघा. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएमपीएस, मॉनिटर, बस. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, दाबायचा नाही. वरचं काळं झाकण फ्रेम बंद करताना आपोआप उडतं. ते जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड परत करताना लागतं. कूलरसाठी सॉकेटच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे कंस काढा आणि चार स्क्रू कर्णात, थोडे थोडे आवळत जा. एकच बाजू आधी घट्ट केली तर पेस्ट एकीकडे सरकते.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये (बोर्डावर दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही).

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन कित्येक मिनिटं काळी राहते, पंखे फिरतात आणि बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलेला असतो. हे मेमरी ट्रेनिंग, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बोर्ड मेला समजून वीज काढली की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं हात लावू नका. एक्स्पो त्यानंतर बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील.

आठ पिनांच्या दोन केबल असतात. ४+४ मध्ये फुटते ती प्रोसेसरची, ६+२ मध्ये फुटते ती ग्राफिक्स कार्डाची. चुकीची बसत नसते, जोर लावू नका. कॅबिनेटमध्ये बोर्डाला भोक नसलेल्या जागी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा धातूचा छोटा खांब) राहिला असेल तर काढा, मागून शॉर्ट होतो. एम.२ च्या हीटसिंकच्या पॅडवरची पातळ फिल्म सोला. एसएसडीचं स्वतःचं लेबल मात्र तसंच राहू द्या.

विंडोज टाकताना हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. इन्स्टॉलर कधीकधी बूटचं पार्टिशन जुन्या डिस्कवरच धरतो, आणि पुढे ती काढली की एसएसडी धडधाकट असूनही पीसी उठत नाही. बोर्डाचा लॅन ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, विंडोज ११ च्या सेटअपला नेट लागतं आणि नव्या बोर्डाचा ड्रायव्हर त्यात नसू शकतो.