संगोळ्ळी रायण्णाला नेमकं कोण घाबरत होतं?

खानापूरची_लेक:
मी मराठीतून शिकले. रायण्णा हे नाव खरं कानावर आलं ते २०२० मध्ये, बेळगावजवळ पिरनवाडीत त्याच्या पुतळ्यावरून मराठी-कानडी तणाव झाला तेव्हा. इंग्रजांच्या लेखी तो लुटारू, आणि आमच्या खानापूर तालुक्यातल्या नंदगडात लोक त्याच्यापुढे नारळ फोडतात. मग त्याची दहशत होती कुणाला?

वडाखालचा:
मी नंदगडचा, तेव्हा जरा लांबण लावतो. रायण्णा कुरुब, म्हणजे आपल्याकडचे धनगर. काम शेतसनदीचं: गावची राखण करायची, त्याबद्दल मिळालेली जमीन कसायची. १८२४ ला कित्तूर संस्थान इंग्रजांच्या हाती पडलं. तिथल्या राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ ला वारल्या. इकडं शेतसनद्यांच्या जमिनी जप्त व्हायला लागल्या, उरलेल्यांवर सारा वाढला. पोटावर पाय आल्यावर माणूस उठणारच की. राणीच्या दत्तक शिवलिंगप्पाला गादीवर बसवायचं म्हणून त्यानं माणसं जमवली आणि जानेवारी १८३० मध्ये बीडी गावातली इंग्रजांची कचेरी पेटवली.

कचेरीत असतं काय? रुमालात बांधलेली दप्तरं. कुणाची जमीन, किती सारा, किती थकबाकी. रुमाल जळाला की वसुलीला आधारच नाही. म्हणून घाबरले ते साहेब आणि सावकार. धनवानांना त्यानं लुटलं, हेही खरंच, ते मी झाकणार नाही. पण त्या पैशावरच फौज चालत होती.

एप्रिलात ओढ्यावर अंघोळीला उतरला असताना आपल्याच माणसांनी धरून दिलं. २६ जानेवारी १८३१ ला आमच्या गावात वडाला फाशी. समाधीजवळच्या वडाला आज मूल मागणाऱ्या बायका लाकडी पाळणे बांधतात. माझ्या वडिलांच्या वेळी आजीनं बांधलेला, वीतभर, आत हिरव्या खणाचा तुकडा. आजी घरात मराठीच बोलायची. ज्याची भीती वाटते त्याच्याकडं कोण मूल मागतं, सांगा बघू?

गडहिंग्लजकर:
१८४४ ला आमच्याकडच्या सामानगड किल्ल्याचे गडकरी इंग्रजांविरुद्ध उठले, तेही असंच. गड राखायचा, जमीन खायची, आणि ती जमीनच काढून घेतली. मराठी-कानडी नंतरचं हो, दुखणं एकच.

खानापूरची_लेक:
वडाखालचा दादा, डोळ्यांत पाणी आलं वाचून. लग्नाला सात वर्षं झाली माझ्या. पाळणा तिथंच मिळतो का?

वडाखालचा:
सुताराकडनं करून घ्यावा लागतो, ताई. तुम्ही फक्त दिवस कळवा. मी सांगून ठेवतो, आणि खण आमची आई देईल.