फुटबॉलच्या एका सामन्यापायी दीड क्विंटल कापूस: सांगा, माझं कुठे चुकलं?

अमळनेरचा बाप
मंडळी, पोरांना घेऊन मुंबईला व्यावसायिक लीगचा सामना बघून आलो. पोरगा सातवीत, पोरगी पाचवीत, दोघांनाही फुटबॉलचं वेड. सोबत भाचाही होता. हिशोब जसाच्या तसा मांडतो.

जाताना खानदेश एक्स्प्रेसचं स्लीपर, येताना तत्काळमध्ये एसी, मिळून 4,100. पोरीला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडं, हा नियम 2016 पासूनच आहे. सामना रात्री साडेनऊला सुटला, म्हणून एक रात्र खोली घेतली, 2,800. सामन्याची चार तिकिटं 1,400. रिक्षा, मेट्रो 700. दोन दिवसांचं खाणंपिणं 1,900. रस्त्यावरून दोन जर्स्या घेतल्या, 600. एकूण 11,500.

2025-26 च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 रुपये क्विंटल होता. म्हणजे 90 मिनिटांसाठी माझा दीड क्विंटल कापूस गेला, आणि तोही हमीभाव मिळाला असं धरून.

सगळ्यात लागलं ते फाटकावर. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. डबा आत नेऊ दिला नाही, पाण्याची बाटलीही नाही. तिथे बाटल्यांचा ढीगच पडला होता. पोरगी डब्याकडे मागे वळून वळून बघत होती. मग आत 620 रुपये खाण्यावर गेले आणि तरी पोरं अर्धपोटीच राहिली.

माझं म्हणणं एवढंच: एक चेंडू असला की खेळता येतो म्हणून हा गरिबाचा खेळ. तो बघायला आमच्यासारख्यांना कर्ज काढल्यासारखं का वाटावं? लहान मुलांना अर्धं तिकीट द्या, घरचा डबा आत येऊ द्या, आणि वर्षातून एक तरी सामना जळगावला किंवा धुळ्याला खेळवा.

केळीबाग, रावेर
दादा, हिशोब बरोबर आहे, पण निष्कर्ष पटला नाही. हळदीच्या डीजेला आपल्याकडे याच्या चौपट पैसे जातात, तेव्हा कापसाचा भाव कुणाला आठवत नाही. पोरांनी खरं मैदान बघितलं. झगमगत्या दिव्यांखालचं गवत टीव्हीपेक्षा किती वेगळं हिरवं दिसतं, ते त्यांना आता जन्मभर आठवेल.

आणि 2018 चा जून आठवा. मुंबईत भारताने चायनीज तैपेईला 5-0 ने हरवलं, पण खुर्च्या रिकाम्या. 2 जूनला तेव्हाच्या कर्णधाराने, सुनील छेत्रीने, व्हिडिओ टाकून अक्षरशः विनवणी केली, की टीका करा, शिव्या द्या, पण मैदानावर या. 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सगळी तिकिटं संपली, भारत 3-0 ने जिंकला, दोन गोल त्याचेच. कर्णधाराला आपल्यापुढे हात जोडावे लागत असतील, तर आपण खर्च मोजत घरी बसणं बरं नाही.

धुळ्याचा गोली
केळीबाग भाऊ, तुन्हं म्हननं अर्धं खरं शे. पण खुर्च्या भरायची जबाबदारी अमळनेरच्या बापावर का टाकता? अंधेरीच्या त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर लाखो माणसं राहतात. त्यांनी भराव्यात.

मी रोज संध्याकाळी पोरांना खेळवतो, म्हणून मला हे 11,500 वेगळे दिसतात. साधे स्टडचे बूट हजाराच्या आत येतात, चेंडू पाचसहाशेला. एवढ्या पैशांत आठ पोरांच्या पायात बूट आले असते, दोन-तीन चेंडूही. माझ्याकडचा एक पोरगा मोठ्या भावाचे बूट पुढे चिंध्या कोंबून घालतो. किक मारली की चेंडूबरोबर बूटही जातो.

15 सप्टेंबर 2017 ला, 17 वर्षांखालच्या विश्वचषकाच्या आधी, राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला. आमच्या शाळेतही चेंडू आले, फोटो निघाले. मैदानात मुरूम होता, तो तसाच राहिला. पोरांचे गुडघे सोलतात म्हणून आया त्यांना पाठवत नाहीत. बघायला खर्च करण्याआधी खेळायला करा, हे माझं ठाम मत.

केळीबाग, रावेर
गोलीभाऊ, पण बघितल्याशिवाय पोराला खेळावंसं वाटेल कशाने? आपल्याकडे क्रिकेट रुजलं ते आधी बघूनच ना? बुटांचं मात्र मान्य. एक जोड माझ्याकडून. नंबर कळवा.

माहेर जळगाव, सासर कोल्हापूर
मी दोन्हीकडचं बघितलंय म्हणून बोलते. इथे कोल्हापुरात हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने. सासरे पायी जातात, जेवायला घरी येतात. ना रेल्वे, ना खोली. पेठेपेठेत भांडणं होतात, तो भाग मला अजिबात आवडत नाही. पण घरातल्या सगळ्यांना खेळाडूंची नावं पाठ आहेत, कारण ती शेजारची पोरं आहेत.

दादा, तुमच्याच हिशोबात सामन्याची तिकिटं सगळ्या खर्चाच्या जेमतेम आठव्या हिश्शाची आहेत. बाकीचे पैसे अंतराने खाल्ले. मुलांना अर्धं तिकीट मिळालं असतं तरी फार तर सव्वापाचशे वाचले असते. मागायचंच असेल तर गावात संघ मागा. मुंबईचा संघ वर्षातून एकदा जळगावला येऊन काय होणार? तेवढी एक जत्रा होईल.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ
तिकिटं स्वस्त आहेत म्हणून गप्प बसायचं, हे मला मान्य नाही. माझा मुलगा मँचेस्टरला आहे. तिथे मँचेस्टर युनायटेड क्लबने 2024 मध्ये हंगाम चालू असतानाच उरलेल्या सामन्यांची तिकिटं 66 पौंड केली, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. लोक घोषणा देत रस्त्यावर उतरले. त्याआधी, फेब्रुवारी 2016 मध्ये, लिव्हरपूलने 77 पौंडांचं तिकीट जाहीर केलं, तेव्हा 77 व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून चालते झाले. त्यांचा संघ 2-0 ने पुढे होता, सामना सुटला 2-2 ने! काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. पुढे तिथल्या प्रीमियर लीगने बाहेरगावच्या प्रेक्षकांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा घातली. दुरून येणाऱ्याला रेल्वेचा भुर्दंड पडतो, म्हणून त्याला तिकिटात सूट. अमळनेरकर वेगळं काय मागताहेत?

धुळ्याचा गोली
काका, तिकडे मैदान भरलेलं असतं म्हणून दहा हजार उठले की डोळ्यांत भरतं. इथे आपण चार जण उठलो तर शेजारच्यालाही कळणार नाही.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ
म्हणूनच तर आधी जायला हवं ना, गोलीभाऊ. जो कधी गेलाच नाही, त्याची मागणी कोण ऐकणार?

एक आई, नंदुरबार
मी 30 ऑक्टोबर 2022 ला मुलीला घेऊन नवी मुंबईला गेले होते, 17 वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत बघायला. बहिणीकडे कल्याणला उतरलो, खोलीचा खर्च नाही. स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं, आणि तो एकमेव गोलही कोलंबियाच्याच मुलीचा स्वयंगोल. माझी मुलगी त्या मुलीसाठी रडली. घरी येईपर्यंत एकच विचारत होती, तिला कुणी रागावलं असेल का? तेव्हापासून ती बचावफळीत खेळते. त्या प्रवासाचे पैसे मी कधी मोजले नाहीत.

अमळनेरच्या दादांना एक विचारायचंय. तुम्ही पैन्‌पैचा हिशोब दिलात, म्हणून लक्षात आलं. चार तिकिटं: तुम्ही, दोन मुलं, भाचा. वहिनी कुठे होत्या? दशम्या त्यांनीच लाटल्या असणार. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हटलं की आमच्याकडेही पहिलं तिकीट बाईचंच कमी होतं. मी गेले, कारण मी पगार आणते आणि नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी नव्हती. दोघांपैकी एकच जाणार असता तर कोण गेलं असतं, ते मला माहीत आहे.

केळीबाग, रावेर
ताई, ही तर प्रत्येक घरची गोष्ट. आमच्याही.

अमळनेरचा बाप
ताई, बरोबर पकडलंत. आधी पाच तिकिटांचाच बेत होता. ती म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी आबांचं बघते. आबांना एक दिवस काकूंकडे ठेवता आलं असतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. पण तिचं भाडं आणि खाणंपिणं धरून दीड-दोन हजार वाचतील हे मनात आलं, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गोलीभाऊ, तुमचं बुटांचं वाचून पोराने लहान झालेले दोन जोड काढून ठेवलेत. धुळ्याला येतो तेव्हा घेऊन येतो. काका, तिकिटाची मागणी मी सोडलेली नाही, डब्याची तर नाहीच.

आज संध्याकाळी तिला विचारलं, तुला खरंच यायचं नव्हतं का? ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तिकीट काढलं असतं तर आले असते."