सर्व्हरचं फर्मवेअर: चालतंय ते चालू द्यायचं की युटिलिटी टाकून अपडेट मारायचं?

सांगलीचा_सिस्टिमवाला
नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेत आयटी बघतो, एकटाच, म्हणजे प्रिंटरची शाई पण मीच आणि सर्व्हर पण मीच. तीन रॅक सर्व्हर आहेत, तिन्ही डेलचे पॉवरएज, वर रेड हॅट लिनक्स. गेल्या महिन्यात ऑडिटवाल्यानं विचारलं, बायोस आणि आयडीरॅकचं व्हर्जन काय, शेवटचं अपडेट कधी केलं? (हे सगळं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या भागांतच बसवलेलं सॉफ्टवेअर. बायोस मशीन सुरू करतं, आणि आयडीरॅक हा डेल सर्व्हरच्या आतला छोटा वेगळा संगणक, त्यातून सर्व्हर लांबून सांभाळता येतो.) बघून सांगतो म्हटलं. बघितलं तर खोक्यातून काढलं त्या दिवशी जे होतं तेच आजही. पाच वर्षं ओएसचे पॅच दर महिन्याला इमानेइतबारे मारतोय आणि त्याच्या खाली काय आहे तिकडं कुणी ढुंकून बघितलं नाही.

मग एका मशीनवर डीएसयू टाकलं, म्हणजे डेल सिस्टिम अपडेट. टाकायला विशेष काही नाही, त्यांची लिनक्स रिपॉझिटरी जोडायची, पॅकेज इन्स्टॉल करायचं आणि रूटनं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यानं, कमांड चालवायची. आधी इन्व्हेंटरीचा ऑप्शन देऊन चालवलं तर कुठल्या भागावर कुठलं व्हर्जन ते सगळं आलं, बायोस, आयडीरॅक, रेड कंट्रोलर (रेड म्हणजे डिस्का अशा एकत्र जोडायच्या की एखादी गेली तरी डेटा राहतो), नेटवर्क कार्ड, डिस्का, अगदी पॉवर सप्लाय सुद्धा (पॉवर सप्लायला फर्मवेअर असतं हे मला त्या दिवशी कळलं, हसू नका). मग नुसतं डीएसयू चालवलं तर १४ ओळींची यादी समोर, ए दाबलं की सगळं निवडलं जातं, सी दाबलं की कामाला लागतं. माझं बोट सी वर गेलं आणि घाम फुटला, क्यू दाबून बाहेर आलो.

माझं मत असं की आता दर तीन महिन्यांनी हे करायचंच. मॅनेजरसाहेब म्हणतात चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस. तुम्ही काय म्हणता, पण नुसतं हो-नाही नको, कारण सांगा.

जुनं_खोड
तुझे साहेब शहाणे आहेत. २२ वर्षं हेच काम करतोय, एकच गोष्ट सांगतो. तालुक्याच्या गावी एका गिऱ्हाईकाकडं बायोस फ्लॅश करत होतो, कुठल्या कंपनीची मशीन ते सोड. निम्म्यावर आलं आणि लाईट गेली. यूपीएस होता की, पण त्याची बॅटरी कधीच फुगून गेलेली, चार सेकंदांत तोही गेला. बोर्ड मेला. नवीन बोर्ड यायला नऊ दिवस, आणि नऊ दिवस ते दुकान वहीवर चाललं, मालक रोज सकाळी फोन करून फक्त "काय मग?" एवढंच विचारायचा. आणि अपडेटमध्ये होतं काय, तर माझ्या गिऱ्हाईकाकडं नसलेल्याच कुठल्यातरी कार्डाचा सपोर्ट. ज्याचा त्रास नाही त्यावर औषध घेऊ नये.

रूट_वहिनी
काका, गोष्ट वाचून वाईट वाटलं, पण यात मेली ती यूपीएसची बॅटरी, शिव्या मात्र फर्मवेअरला. 😀

आता माझ्याकडची एक घ्या, आणि ही घरगुती गोष्ट नाही, कंपनीनं स्वतःच जाहीर केलेली आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईनं (एचपीची सर्व्हरवाली कंपनी) नोटीस काढली की आमच्या काही एसएएस एसएसडी, म्हणजे सर्व्हरच्या डिस्का, ३२,७६८ तास चालू राहिल्या की बंद पडतील. होऊ शकतं, शक्यता आहे असलं काही नाही, पडतीलच. हिशोब करा, ३ वर्षं २७० दिवस ८ तास. आकडा ओळखीचा वाटला ना, दोनाचा पंधरावा घात, तास मोजायची जागा १६ बिटांची असणार, त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाला, म्हणून ३२,७६७ च्या पुढं गेलं की भरली. त्यानंतर डिस्क पण गेली आणि आतला डेटा पण. मार्च २०२० मध्ये परत तसंच, दुसऱ्या काही मॉडेलांना, ह्यावेळी ४०,००० तासांवर.

आता म्हणाल रेड आहे की. अहो रेडमधल्या सगळ्या डिस्का एकाच दिवशी एकाच खोक्यातून आल्या, एकाच बटणानं चालू झाल्या, मग सगळ्यांचे तास पण एकदमच भरणार. रेड ५ घ्या, ६ घ्या, दहा मिनिटांत सगळ्या गेल्या तर कोण काय करणार? उपाय एकच होता, वेळ भरायच्या आत डिस्कचं नवीन फर्मवेअर. त्रास नाही म्हणून औषध नाही म्हणणारा त्या दिवशी सकाळपर्यंत ठणठणीतच होता.

जुनं_खोड
वहिनी मुद्दा कबूल, पण तो *एक* अपडेट होता, नोटीस वाचून मारायचा. मी तेच म्हणतोय, वाचा, लागत असेल तरच मारा. हा गडी म्हणतोय दर तिमाहीला ए दाबून सी दाबणार.

आणि तुम्ही २०१९ काढलं तर मी २०१८ काढतो. जानेवारीच्या सुरवातीला मेल्टडाउन-स्पेक्टर ही प्रोसेसरमधली भोकं जाहीर झाली, पळापळ, इंटेलनं मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड) दिला, सर्व्हर कंपन्यांनी घाईघाईनं बायोस काढले, आणि मशीनं आपोआप रीबूट व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनंच सांगितलं, थांबा, लावू नका. कंपन्यांनी साईटवरचे बायोस मागे घेतले. जे पहिल्या आठवड्यात पळाले ते ठेचकाळले. मी झोपलो होतो, माझे सर्व्हर पण झोपले होते.

नाशिकचा_पिंग
खोडकाका, म्हणजे तीन आठवडे थांबून मारायचं, पाच वर्षं थांबून नाही.

रात्रपाळी
मी पुण्यात डेटा सेंटरला आहे, आमच्याकडं मशीन हजारात. तुम्ही दोघं मारायचं की नाही यावर भांडताय, माझं भांडण वेगळं आहे. *ओएसच्या आतून* का मारता? चालू प्रॉडक्शन ओएसमध्ये रूटनं चालणारी आणखी एक युटिलिटी, तिची रिपॉझिटरी, तिची पॅकेजं, हे सगळं आयुष्यभर सांभाळा. आणि उद्या त्या मशीनवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवणारं) टाकलं, म्हणजे खाली डेबियन लिनक्स, की ही युटिलिटी रुसून बसणार. बाहेरून करा ना. आयडीरॅकच्या पानावर जायचं, तिथंच अपडेटचा टॅब आहे, फाईल चढवा किंवा डेलच्या डाउनलोड साईटचा पत्ता द्या, तो स्वतः कॅटलॉग वाचून यादी दाखवतो. आधीच्या व्हर्जनवर परत जायची सोय पण तिथंच. ओएसला कळत पण नाही. आम्ही रेडफिशवरून (सर्व्हर लांबून हाताळायची सगळ्या कंपन्यांची सामाईक पद्धत) स्क्रिप्टनं करतो, माणूस मशीनला हातही लावत नाही.

सांगलीचा_सिस्टिमवाला
दादा पण त्यासाठी आयडीरॅकला बाहेरचं इंटरनेट द्यावं लागेल ना, आणि तेच नको म्हणतात सगळे. डीएसयूमध्ये ते बरं आहे, दुसऱ्या मशीनवर बसून बूटेबल आयएसओ करता येतो किंवा रिपॉझिटरी आपल्याच आतल्या सर्व्हरवर ठेवून तिकडं बोट दाखवता येतं.

रात्रपाळी
फाईल लॅपटॉपवर उतरवून ब्राउझरमधून चढव, इंटरनेट कशाला? तीनच तर मशीन आहेत.

विदर्भाचा_वायफाय
राजेहो, तुम्ही सगळे डेलवाले म्हणून मजेत बोलून राहिले. एचपीच्या प्रोलायंटचं बायोस आणि सर्व्हिस पॅक घ्यायला फेब्रुवारी २०१४ पासून वॉरंटी नाहीतर सपोर्टचा करार चालू असावा लागते. आमच्या कॉलेजात जुनी मशीनं, करार कुठला, लॅबचे पंखे बदलायला दोन वर्षं लागतात. मंग पोरं काय करतात, कुठल्यातरी अनोळखी साईटवरून आयएसओ उतरवतात. सर्व्हरच्या काळजातच कुणाचंही इंजेक्शन टोचून घ्यायचं म्हणजे.

नाशिकचा_पिंग
आयएलओचं (एचपीचा आयडीरॅकच म्हणा) फर्मवेअर मात्र कराराशिवाय मिळतं, आणि सगळ्यात आधी तेच मारा. आयएलओ ४ मध्ये २०१७ ला जे भोक सापडलं ते आठवा, लॉगिन वगैरे काही नाही, कनेक्शनच्या हेडरमध्ये कॅपिटल ए हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवायचं आणि आत! २.५३ च्या आधीचं व्हर्जन असेल तर दार सताड उघडं. माझ्या भाचीनं कीबोर्डवर बोट ठेवलं तरी जमेल.

जुनं_खोड
मॅनेजमेंट पोर्ट (आयडीरॅक-आयएलओची केबल लागते तो) वेगळ्या व्हीलॅनवर, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवला की कुठलं भोक आणि कुठलं काय. नेटवर्क नीट करा, फर्मवेअरच्या मागं कशाला.

रूट_वहिनी
काका, पुस्तकात वेगळा व्हीलॅन असतो. प्रत्यक्षात छोट्या ऑफिसात मी बघितलंय, मॅनेजमेंट पोर्टची केबल त्याच निळ्या स्विचमध्ये, ज्यात रिसेप्शनचा पीसी आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर आहे. जुन्या मशीनवर पासवर्ड पण फॅक्टरीतलाच, रूट आणि कॅल्विन, अख्ख्या जगाला पाठ. आणि हे काय इतिहासातलं नाही, एएमआयच्या मेगारॅकमध्ये, जे वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर बीएमसी म्हणून (सर्व्हर लांबून सांभाळणारी चिप, आयडीरॅक-आयएलओ त्याच जातीचे) असतं, मार्च २०२५ मध्ये लॉगिनच चुकवता येतं असं भोक जाहीर झालं, १० पैकी १० गुणांचं. जूनमध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनं ते प्रत्यक्ष वापरलं जाणाऱ्या भोकांच्या यादीत घातलं. बीएमसी हातात आला की मशीन बंद करा, चालू करा, नवीन ओएस टाका, वरच्या ओएसला आपण किती पॅच मारले त्याला कोण विचारतो.

उबंटूप्रेमी
सगळ्यांना एकच टूल का वापरत नाही? एफडब्ल्यूयूपीडी, रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूजनं सुरू केलेलं, माझ्या लॅपटॉपवर बायोस, डॉक सगळं त्यातूनच येतं.

रात्रपाळी
लॅपटॉपवर सोन्यासारखं आहे. सर्व्हरवर चालवून बघ, निम्मे भाग यादीतच येत नाहीत. कंपनीनं फाईल तिथं ठेवली तरच मिळणार ना.

जुनं_खोड
माझा मुद्दा कुणी धरलाच नाही अजून. रात्रपाळीचं हजारातलं एक मशीन बसलं तर तो चहा प्यायला जातो, सकाळी बदलून टाकतात. या पोराचं तीनातलं एक बसलं तर पतसंस्थेच्या काऊंटरवर रांग लागते आणि रांगेत याच्याच गावातली माणसं, एखादी म्हातारी विचारणार, बाळा माझे पैसे कुठं गेले. हजारवाल्यानं तीनवाल्याला सल्ले देऊ नयेत.

रात्रपाळी
हे मात्र बरोबर बोललात काका. पण सिस्टिमवाले, एक विचारू, रागवू नका. अपटाइम किती आहे, म्हणजे रीबूट न होता किती दिवस चालू?

सांगलीचा_सिस्टिमवाला
...६१२ दिवस. मेन सर्व्हरचा.

रात्रपाळी
आणि पॅच दर महिन्याला.

सांगलीचा_सिस्टिमवाला
हो... म्हणजे टाकतो, रीबूट नाही करत. साहेब म्हणतात नको.

रूट_वहिनी
अरे मग तुझे २० महिन्यांचे कर्नल (ओएसचा गाभा) डिस्कवर नुसते पडून आहेत! चालतंय ते जुनंच. फर्मवेअर राहू दे, तुझं ओएस पण अपडेट झालेलं नाही.

जुनं_खोड
बघा म्हणजे. ह्याला आणि ह्याच्या साहेबांना भीती फर्मवेअरची नाहीच, बंद करून चालू करायची आहे. ते मशीन परत उठेल की नाही हेच कुणाला माहीत नाही. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार घालत असतील आणि वर्षभर हात लावत नसतील. पोरा, आता मी माझं मत थोडं बदलतो. सरसकट सगळं मारू नको हे माझं कायम. पण एक मशीन रविवारी बंद करून चालू कर, ते जमत नसेल तर पुढचं सगळं बोलणं वाया. आणि यूपीएसचा प्लग भिंतीवरनं काढून बघ किती मिनिटं तग धरतो, सर्व्हर लावून नाही, बल्ब लावून!

सांगलीचा_सिस्टिमवाला
दहा दिवसांनी येतोय. रविवारी केलं, स्टँडबायच्या मशीनवर. यूपीएस बल्बवर ४० मिनिटं टिकला (काका, बॅटरी गेल्याच वर्षी बदलली होती, ते एक पुण्याचं काम झालंय). आधी काही न बदलता नुसतं रीबूट. ओएस आलं, पण कोअर बँकिंगची एक सर्व्हिस आलीच नाही. शोधत बसलो दोन तास, शेवटी कळलं की दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी मीच ती हातानं चालू केली होती, बूटला आपोआप यायचं सेटिंग केलंच नव्हतं. म्हणजे एखाद्या दिवशी रात्री लाईट जाऊन मशीन पडलं असतं तर सोमवारी सकाळी नऊला मला हे कळलं असतं, रांगेसमोर.

मग अपडेट. सगळे १४ नाही मारले. रात्रपाळीदादांचं ऐकून फाईल ब्राउझरमधून चढवली, आधी आयडीरॅक. पानच गायब, पिंग बंद, सर्व्हर मात्र चालू. बराच वेळ मी देवघरातले सगळे देव आठवले, मग आलं परत. मग बायोस, ते लगेच लागत नाही, काम लावून ठेवतं आणि रीबूटला लागतं. पंखे असे फिरले की वॉचमन बघायला आला काय झालं म्हणून. आलं वर. डीएसयू त्या मशीनवर ठेवलंय, पण फक्त इन्व्हेंटरी आणि प्रीव्ह्यू बघायला, ऑडिटवाल्याला तीच यादी छापून दिली, खूश झाला.

रात्रपाळी
एकदम बरोबर केलंत. बाकीच्या दोन्ही एकाच दिवशी करू नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

रूट_वहिनी
आणि डिस्का? चालू तास बघितलेस का, स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या नोंदीतले?

सांगलीचा_सिस्टिमवाला
बघितले ताई. साधारण ४३,००० प्रत्येकी, सगळ्यांचे जवळजवळ सारखेच, तुम्ही म्हणाला तसंच. मॉडेल नंबर नोटिशीतल्या यादीशी जुळवून बघितले, त्यात नाहीत. तरी डिस्कचं नवीन फर्मवेअर आलेलं दिसतंय, मेन सर्व्हरला ते मारू का?

जुनं_खोड
बॅकअप आहे?

सांगलीचा_सिस्टिमवाला
रोज रात्री होतो, मेल पण येतो यशस्वी म्हणून.

जुनं_खोड
मी विचारतोय त्यातनं परत उभं करून बघितलंस का कधी.

सांगलीचा_सिस्टिमवाला
नाही.

शनिवारी बघतो. गोडाऊनमध्ये एक जुनं मशीन पडलंय, ते पुसून ठेवलंय. तोपर्यंत डिस्कला हात लावत नाही.